ओंडक्यांचे घर आणि कोरा रकाना

जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनराड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराच्या त्रयीची ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या नावांनी केलेली भाषांतरे मराठी वाचकांना परिचित आहेत. अमेरिकेतील आद्य वसाहतकारांचे ओंडक्यांचे घर आपल्यापैकी अनेकांनी प्रथम पाहिले ते या पुस्तकांतून. कष्ट, एकाकीपणा आणि जिद्द यांचे प्रतीक म्हणून ते मनात ठसते. पण एखादी वस्तू प्रतीक झाली, की तिचा पत्ता हरवतो. ते घर कोणाच्या जमिनीवर उभे होते, हा साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. हा प्रश्न एका खऱ्या कुटुंबाच्या खऱ्या घरासंबंधी विचारावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हे कुटुंब म्हणजे इंगल्स कुटुंब. चार्ल्स इंगल्स आणि कॅरोलाइन क्वायनर यांचा विवाह १८६० मध्ये झाला. त्यांची दुसरी मुलगी लॉरा ७ फेब्रुवारी १८६७ रोजी विस्कॉन्सिनमधील पेपिनजवळच्या अरण्यात, ओंडक्यांच्याच घरात जन्मली. पुढे लॉरा इंगल्स वाइल्डर या नावाने तिने आपल्या बालपणावर कादंबऱ्या लिहिल्या. त्यांपैकी ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ (१९३५) ही सर्वांत प्रसिद्ध. तिच्यातील घर बांधले गेले १८६९-७० च्या सुमारास, कॅन्सस राज्यातील मॉन्टगोमेरी परगण्यात, इंडिपेंडन्स या नव्या गावापासून सुमारे १३ मैलांवर.

घराच्या बांधणीचे वर्णन ही या कादंबरीची मोठी मिळकत आहे. प्रेअरी म्हणजे गवताचा अफाट माळ. तिथे झाडे फक्त ओढ्याकाठी. तिथून ओंडके ओढून आणायचे, टोकांना खाचा पाडायच्या आणि एकावर एक आडवे रचत भिंती उभ्या करायच्या. ही पद्धत अमेरिकेत रुजवण्याचे श्रेय बहुधा १६३८ मध्ये डेलावेअर नदीकाठी वसाहत करणाऱ्या स्वीडिश आणि फिनिश लोकांना दिले जाते. छपरासाठी आधी गाडीवरचे कापडच ताणले जाते. जमीन मधोमध चिरलेल्या ओंडक्यांची, चूल दगडमातीची, दार तर एकही खिळा न वापरता लाकडी खुंट्यांवर जोडलेले. ओंडका निसटून आईचा पाय दुखावतो, तेव्हा शेजारी मदतीला धावून येतो. साऱ्या कुटुंबाला हिवतापाने घेरल्यावर उपचार करणारे कृष्णवर्णीय डॉक्टर जॉर्ज टॅन हेही इतिहासातले खरे गृहस्थ. या कष्टांत आणि माणुसकीत खोटे काही नाही. म्हणूनच पुढचा प्रश्न अवघड होतो.

ऑगस्ट १८७० मध्ये खानेसुमारीचा अधिकारी या घरी आला. त्याच महिन्याच्या ३ तारखेला जन्मलेली कॅरी ही कुटुंबातील सर्वांत धाकटी. माणसांची नोंद झाली; पण जमिनीच्या किमतीचा रकाना कोरा राहिला. कारण ही जमीन ओसेज या मूलनिवासी राष्ट्राची होती, आणि तिच्यावर राहणाऱ्या वसाहतकारांकडे मालकी हक्क नव्हता. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन मिळवता येत असे. परंतु ओसेजांच्या राखीव प्रदेशाला तो लागू नव्हता. सोप्या भाषेत सांगायचे, तर हे घर म्हणजे अतिक्रमण होते, आणि असे अतिक्रमण करणारी इंगल्स मंडळी एकटी नव्हती. ओसेज लोक रेड्यांच्या शिकारीसाठी दूर गेले, की त्यांची मक्याची शेते बळकावली जात, घोडे चोरले जात, थडगीही लुटली जात. सरकारी प्रतिनिधी आयझॅक गिब्सन यांनी हे आपल्या अहवालात नोंदवले आहे.

कादंबरीचा शेट आठवा. सैन्य येऊन वसाहतकारांना हुसकावणार अशी वार्ता येते. संतापलेला बाप नांगर शेतातच सोडून कुटुंबासह गाडी हाकतो. वाचकाला वाटते, बेघर झाले ते इंगल्स. प्रत्यक्षात घडले ते याच्या उलट. १५ जुलै १८७० च्या कायद्याने ओसेजांना दक्षिणेकडील इंडियन टेरिटरीत हलवण्याची तरतूद झाली आणि त्यांची जमीन एकरी सव्वा डॉलर दराने वसाहतकारांना खुली झाली. म्हणजे चार्ल्सला आपले १६० एकर २०० डॉलरला विकत घेता आले असते. १८७१ मध्ये तो परतला, त्याचे एक कारण अगदी व्यावहारिक होते : विस्कॉन्सिनमधील त्याची जागा घेणाऱ्याला पैसे फेडणे जमेना. बेदखल झाले ते ओसेज. कादंबरीने त्यांचे दुःख इंगल्सांच्या खाती जमा केले.

लॉराने हे जाणूनबुजून केले, असे म्हणण्याचे कारण नाही. कॅन्सस सोडताना ती चार वर्षांची होती. पुस्तक आले तेव्हा अडुसष्ट वर्षांची. घर इंडियन टेरिटरीत होते, अशीच तिची समजूत होती. इथे आठवणीपेक्षा घरात वर्षानुवर्षे सांगितलेली गोष्ट बोलते. प्रत्येक कुटुंब आपली गोष्ट अशीच सांगते. तिच्यात आपण सोसलेले असते, इतरांना सोसायला लावलेले बहुधा नसते.

या पुस्तकाने पुढे आपली एक चूक कबूल केली. आरंभीच्या पानांत त्या प्रदेशात माणसेच नव्हती, फक्त इंडियन होते, अशा अर्थाचे विधान होते. एका वाचकाच्या पत्रानंतर १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसे’ऐवजी ‘वसाहतकार’ हा शब्द आला. २०१८ मध्ये लॉराच्या नावाच्या बालसाहित्य पुरस्काराचे नावही बदलण्यात आले. दरम्यान १९९९ मध्ये लुईस अर्ड्रिक यांनी ‘द बर्चबार्क हाउस’ लिहून ओजिब्वे मुलीच्या नजरेतून घराची दुसरी बाजू मांडली.

मग ही कादंबरी वर्गात शिकवू नये काय? आमच्या मते शिकवावी, पण खानेसुमारीचा तो कोरा रकाना तिच्याशेजारी ठेवून. कादंबरीतील दाराला आतून लाकडी कडी आहे आणि तिची दोरी बाहेर लोंबते. दोरी ओढून कोणीही आत यावे, असा तिचा संकेत. बाप घरी नसताना ओसेज पुरुष आत येतात आणि मुली भयाने थिजतात. ते भय खरे आहे. पण आत आलेले हे लोक जमिनीचे मालक होते, आणि दार लावून आत बसलेले त्यांचे न बोलावलेले पाहुणे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवणे, हेच साहित्याच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

आज इंडिपेंडन्सजवळ, एका जुन्या हाती खणलेल्या विहिरीच्या आधाराने निश्चित केलेल्या जागी, १९७७ मध्ये बांधलेली त्या घराची प्रतिकृती उभी आहे. मूळ घराचा एकही ओंडका तिथे नाही. ओसेज राष्ट्र मात्र आहे. ओक्लाहोमात, दुसऱ्या जमिनीवर.