वरिष्ठांचा जाच आणि तब्येत

रविवारी संध्याकाळपासून छातीत धडधडते, सोमवारी सकाळी दोन-तीनदा शौचाला जावे लागते आणि गावी सुट्टीवर गेले की सगळे थांबते. अशी तक्रार असेल तर रक्तदाब, ईसीजी, साखर, थायरॉइड तपासावेच. ते सगळे नॉर्मल आले, तर मी रुग्णाला विचारतो, "ऑफिसात साहेब कसे आहेत?" पुष्कळांचे उत्तराआधीच डोळे भरतात.

कामातली चूक दाखवणे किंवा उशिराचा जाब विचारणे म्हणजे जाच नव्हे. चारचौघांत वारंवार पाणउतारा, शिवीगाळ, मुद्दाम बैठकीतून वगळणे, रात्री-अपरात्री फोन करून धमकावणे, आणि हे महिनोन्‌महिने चालणे, हा जाच.

धोका जाणवला की शरीरात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढते. नाडी जलद होते, स्नायू ताठरतात. प्रसंग टळला की ते उतरते. पण रोज तोच माणूस समोर असेल तर उतरायला सवडच मिळत नाही. मग झोप उडते, मान-खांदे दुखतात, पित्त वाढते, आधीचा मधुमेह किंवा रक्तदाब गोळ्या घेऊनही आटोक्यात राहत नाही. हे 'मनाचे खेळ' नाहीत.

बहुतेकजण गप्प राहून सोसतात, कारण घराचा हप्ता असतो. साहेबांना बोलता येत नाही, म्हणून राग घरी मुलांवर निघतो: वड्याचे तेल वांग्यावर. काहींची दारू-तंबाखू वाढते. मला सर्वांत काळजी वाटते ती "माझेच चुकत असेल" असे म्हणू लागलेल्यांची. घरच्यांनी अशा वेळी "सगळीकडे असेच असते" म्हणू नये, आधी ऐकून घ्यावे.

झालेला प्रकार त्याच दिवशी लिहून ठेवा: तारीख, वेळ, नेमके शब्द, हजर कोण होते. ही वही घरी ठेवा. मेसेज पुसू नका. तक्रार लेखी द्या आणि तिची प्रत जवळ ठेवा. स्त्रीचा छळ लैंगिक स्वरूपाचा असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार, दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिच्याकडे साधारणपणे तीन महिन्यांच्या आत तक्रार करावी लागते. त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. राजीनामा द्यायचा असेल तर जरूर द्या, पण भांडणाच्या दिवशी नको.

झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. छातीत दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ आली तर "टेन्शन असेल" म्हणून घरी थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, कशातच रस राहिला नसेल, तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले तर त्याला एकटे सोडू नका. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येते.