खळ्यावरचा न्याय

हिब्रू संदेष्ट्यांच्या ग्रंथांत ईश्वरी न्याय वारंवार सुगीच्या रूपाने येतो. विळा चालतो, मळणी होते, भूस वाऱ्यावर उडते. या प्रतिमेचे मूळ खळ्यात आहे. वारा लागेल अशी ही सपाट, मोकळी जागा पुष्कळदा वेशीजवळ असे, आणि सुगी नसतानाही माणसे तिथे जमत. सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारित नगरात सापडलेल्या अक्हात-कथेत दानेल हा थोर पुरुष वेशीपाशी खळ्यावर बसून विधवांचा आणि अनाथांचा न्याय करतो. ही कथा इ.स.पू. 14व्या-13व्या शतकातली, म्हणजे संदेष्ट्यांच्या कितीतरी आधीची. शोमरोनच्या वेशीजवळच्या खळ्यावर अहाब आणि यहोशाफाट हे दोन राजे सिंहासनांवर बसतात आणि संदेष्टे त्यांच्यासमोर भाकीत करतात, असा प्रसंग बायबलमध्येही आहे.

प्रतिमेचे दुसरे मूळ रक्ताळलेले आहे. कणसे मळण्यासाठी बैल जुंपून जाड फळ्या ओढत. त्यांच्या खालच्या अंगाला गारगोटीचे, बसाल्टचे किंवा लोखंडाचे दाते असत. जिंकलेला मुलूख आपण असा मळून काढला, अशी बढाई असिरियाचा राजा तिग्लथ-पिलेसर तिसरा (इ.स.पू. 745–727) आपल्या लेखांत मारतो. त्याच शतकातला आमोस हा तकोवाचा मेंढपाळ. दमास्कसने गिलाद प्रांत लोखंडी दात्यांखाली मळला, हा त्याच्या लेखी गुन्हा आहे. मळणी अजून देवाच्या हाती आलेली नाही.

ती देवाच्या हाती देऊन स्वतःच्याच लोकांना खळ्यावर पसरणे, हे संदेष्ट्यांचे खरे धाडस. आमोसच्या वाणीत देव इस्राएलला सर्व राष्ट्रांमध्ये चाळणीने चाळतो. होशेयाच्या वाणीत मूर्तिपूजक खळ्यावरच्या भुसासारखे उडून जातात. यिर्मयाचा देव देशाच्या वेशींपाशी दाताळ्याने लोकांना उफणतो.

पण मळणी म्हणजे निव्वळ चिरडणे नव्हे, हे शेतकऱ्याला ठाऊक असते, आणि यशया नेमका तिथेच बोट ठेवतो. कलौंजी काठीने झोडतात, जिरे छडीने. त्यांच्यावर दात्यांची फळी कोणी ओढत नाही. भाकरीचे धान्यसुद्धा कोणी कायम मळत बसत नाही, नाहीतर त्याचा चुरा होईल. ही अक्कल शेतकऱ्याला देवानेच दिली आहे. मग देवाच्या शिक्षेलाही माप असणारच. प्रतिमेच्या साऱ्या प्रवासात याहून शहाणा उतारा नाही. रेफाईमच्या खोऱ्यातल्या कापणीचे चित्रही यशयाचेच: झाड झोडपल्यावर शेंड्याला दोन-तीन ऑलिव्ह राहतात, तसे थोडे लोक उरतील. असा सरवा गरिबांसाठी सोडावा, हा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता. यिर्मयाने मात्र तेवढीही आशा काढून घेतली. त्याच्याकडे उरलेल्यांनाही द्राक्षवेलीवरच्या सरव्याप्रमाणे खुडून घेतले जाते.

पुढे मळणाऱ्याची आणि मळल्या जाणाऱ्याची जागा बदलते. बाबेलच्या बंदिवासाशी जोडल्या जाणाऱ्या यशयाच्या भागात इस्राएल स्वतःच नव्या दात्यांची मळणीफळी बनतो आणि डोंगरांचे भूस करतो. यिर्मयाच्या ग्रंथात बाबेल हे तुडवायच्या वेळेला आलेले खळे आहे. योएल सर्व राष्ट्रांना यहोशाफाटाच्या खोऱ्यात बोलावतो, नांगराच्या फाळांच्या तलवारी करायला सांगतो, आणि पीक तयार झाले म्हणून विळा घालण्याची आज्ञा देतो. लगेच भरून वाहणारे द्राक्षकुंडही येते. धान्याच्या मळणीपेक्षा द्राक्षे तुडवण्यात रक्ताचा रंग अधिक उघड दिसतो, म्हणून तीच प्रतिमा यशयाच्या शेवटच्या भागात अदोमाहून येणाऱ्या, वस्त्रे लाल झालेल्या योद्ध्यापर्यंत पोचते.

नव्या करारात हा वारसा फुटून दोन वाटांनी गेला. मार्काच्या शुभवर्तमानात योएलचा विळा आपोआप वाढलेल्या पिकाच्या शांत कापणीला लावला आहे. प्रकटीकरणाच्या 14व्या अध्यायात तोच विळा द्राक्षांवर चालतो, आणि ती द्राक्षे देवाच्या क्रोधाच्या कुंडात पडतात.