पॅरिसच्या ऑपेरा हाऊसवरच्या शिल्पावर शाईफेक का झाली होती?

शाईफेक म्हटलं की आपल्याला राजकारण आठवतं. पण ऑगस्ट १८६९ मध्ये पॅरिसमध्ये एका रात्री शाईची बाटली फेकली गेली ती थेट दगडी शिल्पावर. शिल्पाचं नाव 'ला दान्स', म्हणजे नृत्य. जागा होती, तेव्हा बांधकाम सुरू असलेल्या पॅले गार्निए या ऑपेरा हाऊसचा दर्शनी भाग.

आर्किटेक्ट शार्ल गार्निए यांनी दर्शनी भागातली चार समूहशिल्पं चार शिल्पकारांकडे सोपवली होती. शिल्पं इमारतीच्या शिस्तीत बसावीत, ही त्यांची अपेक्षा. तिघांनी ती पाळली. खरं सांगायचं तर, त्यामुळेच त्या तीन शिल्पांची नावं आज फार कुणाला आठवत नाहीत.

चौथे होते झाँ-बाप्तिस्त कार्पो. त्यांना तीन आकृत्या सांगितल्या होत्या, त्यांनी त्याहून कितीतरी जास्त घडवल्या. मधोमध हात उंचावलेला, डफ घेतलेला तरुण आणि त्याच्याभोवती फेर धरून हसणाऱ्या विवस्त्र स्त्रिया. विवस्त्र शिल्पं पॅरिसला नवी नव्हती. देवीदेवतांच्या मूर्ती तशाच असायच्या, पण त्या शांत, थंड. या बायका मात्र दमलेल्या, तोल जाणाऱ्या, अगदी खऱ्या वाटत होत्या. लोकांना खटकलं ते हे. वर्तमानपत्रांतून टीका झाली, अश्लीलतेचा आरोप झाला आणि मग शाईफेक. फेकणारा कोण, हे कधीच कळलं नाही.

डाग निघाला, वाद नाही. शिल्प हटवायचं ठरलं आणि शार्ल गुमेरी यांना त्याच विषयावर दुसरं, सभ्य शिल्प करायला सांगितलं गेलं. तेवढ्यात १८७० चं फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं, १८७१ मध्ये गुमेरी वारले. ऑपेरा हाऊस ५ जानेवारी १८७५ ला उघडलं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कार्पोही गेले. शिल्प हटवण्याचा विषय मागे पडला. (गुमेरींचे सोनेरी शिल्पसमूह मात्र इमारतीच्या माथ्यावर आजही चमकतात.)

पुढे उघड्यावर राहून दगड झिजू लागला. १९६४ मध्ये मूळ शिल्प आत हलवलं गेलं आणि तिथे पॉल बेलमोंदो यांनी घडवलेली प्रतिकृती बसली. हे अभिनेते झाँ-पॉल बेलमोंदो यांचे वडील. म्हणजे पर्यटक ऑपेरासमोर ज्याचा फोटो काढतात, ती प्रतिकृती आहे. चार मीटरहून उंच असलेलं मूळ शिल्प सीन नदीपलीकडच्या ओर्से संग्रहालयात आहे.