रताळ्याचे भरीत आणि ताटाची डावी बाजू

'तोंडीलावणे' हा शब्द भरल्या ताटाचा आहे. ज्याच्या ताटात भात, वरण, पोळी, भाजी आधीच वाढलेली आहे त्यालाच तोंडी लावायला काही लागते. ज्याच्या ताटात एकच जिन्नस आहे, त्याने तो कशाला तोंडी लावायचा? मराठी पांढरपेशा समाजाने ताटाची व्यवस्था फार काटेकोर लावून ठेवली आहे. वर मीठ आणि लिंबू, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचे, भरीत, उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्ये भात. पंक्तीला कोणी बसायचे आणि पंक्ती उठल्यावर उष्ट्या पत्रावळी कोणी उचलायच्या हे ज्या व्यवस्थेने ठरवले, तिनेच ही डावी-उजवीही ठरवली. म्हणून या ताटाच्या डाव्या बाजूचा एक लहानसा पदार्थ घेऊन त्याचा इतिहास तपासावा असे मला वाटते. तो पदार्थ म्हणजे रताळ्याचे भरीत.

कृती साधी आहे. रताळी उकडायची किंवा भाजायची, साल काढायची आणि गरम आहेत तोवर हाताने कुस्करायची. निवल्यावर कुस्करली तर गुठळ्या राहतात. हाताला लागतील त्या शिरा काढून टाकायच्या. मग गर निवू द्यायचा आणि त्यात सायीचे घट्ट दही कालवायचे. ऊन गरात दही फुटते. मीठ, चिमूटभर साखर, दाण्याचे कूट, हिरवी मिरची, आणि वरून साजूक तुपात जिऱ्याची फोडणी. हे भरीत उपासाचे. आमच्या जळगावचे नाव ज्या भरताने गाजते ते वांग्याचे. त्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ती वांगी काड्यांवर भाजतात, लाकडी मुसळाने ठेचतात, त्यात कांद्याची पात, लसूण, मिरची पडते आणि ती कळण्याच्या भाकरीबरोबर खातात. त्या भरताला शेताचा बांध चालतो. रताळ्याच्या भरताला मात्र सोवळे लागते, कारण ते देवाच्या दिवसाचे आहे.

आता हे रताळे देवाच्या दिवसाचे झाले कसे, ते पाहू. आज आपण ज्याला रताळे म्हणतो ते या भूमीतले नव्हे. त्याचे मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेत आहे. १४९२ नंतर कोलंबसाच्या सफरींतून ते स्पेनमध्ये गेले, आणि पुढे पोर्तुगीजांच्या व्यापारी जहाजांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. त्याचे नावही पाहण्यासारखे आहे. कॅरिबियन बेटांवरचे मूळ रहिवासी रताळ्याला 'बटाटा' म्हणत. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, पुढे तो दुसऱ्याच एका कंदालाही लावला, आणि मराठीत आला तेव्हा तो त्या दुसऱ्या कंदाचा होऊन बसला होता. रताळ्याला मिळाले ते 'रक्तालु' या जुन्या संस्कृत शब्दातून आलेले नाव, जे इथल्या तांबड्या रानकंदाचे होते. म्हणजे परदेशी पाहुण्याने आल्याबरोबर इथले संस्कृत नाव धारण केले आणि त्याचे गोत्र कोणी विचारले नाही.

उपासाच्या फराळाची बाकीची यादीही याच न्यायाने वाचावी. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो ब्राझीलकडचा. बटाटा पेरूकडचा. शेंगदाणा आणि मिरचीही अमेरिकेचीच. या यादीत इथली म्हणता येईल अशी भगर तेवढी. उलट हजारो वर्षे या मातीत पिकणारी ज्वारी एकादशीला वर्ज्य, कांदा-लसूण चातुर्मासात वर्ज्य. शास्त्राधाराच्या गोष्टी करणाऱ्यांना विचारावे की कोणत्या स्मृतीत शेंगदाण्याला उपासाचा परवाना दिला आहे? ज्ञानेश्वरी १२९० ची. तिच्या काळच्या एकादशीला आजचे रताळे कोणाच्या ताटात असणे शक्यच नव्हते. ते समुद्रापलीकडून आले, म्लेंच्छांच्या हातून आले, गोमांस खाणाऱ्या खलाशांच्या जहाजातून आले, आणि तरी पवित्र ठरले. समुद्र ओलांडणाऱ्या ब्राह्मणाला प्रायश्चित्त होते, समुद्र ओलांडून आलेल्या कंदाला नव्हते.

इथे चोखोबाची आठवण होणे अपरिहार्य आहे. एकादशीचा देव ज्याने जन्मभर गायला, तो पंढरपूरच्या देवळाबाहेर राहिला आणि मेल्यावर त्याची समाधीही महाद्वाराच्या पायरीशीच झाली. चोखोबानंतर दोन शतकांहून अधिक काळाने आलेले रताळे मात्र त्याच देवाच्या उपासात सुखाने जाऊन बसले. माणसाला आत जायला १९४७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी १ मे ते १० मे साने गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केले तेव्हा देऊळ खुले करण्याचे मान्य झाले. हे गुरुजी १९२४ पासून सहा वर्षे आमच्या अमळनेरला शिक्षक होते, म्हणून खानदेशाला त्या उपोषणाचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण त्याआधी १२ वर्षे, १९३५ मध्ये, बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा करून देवळाच्या दाराकडे पाठ फिरवली होती, हेही त्याच अभिमानाने सांगितले पाहिजे. एका उपासाने दार उघडले. ज्यांना शतकानुशतके उपास लादला गेला त्यांनी ते दारच नाकारले.

शुद्धाशुद्ध पदार्थात नसते, हे इथवर दिसलेच. मग ते असते कुठे? रताळ्यापुरते त्याचे उत्तर स्पष्ट आहे: ते सालीत असते. वेल लावणारे, सरी-वरंबे धरणारे, माती उकरून कंद काढणारे हात बहुतेक मजुरांचे, आणि त्या मजुरांत आमच्या आया-आज्या होत्या. त्यांनी खणलेले रताळे बाजारात गेले, धुतले गेले आणि सोवळ्यातल्या पातेल्यात पडले. त्याला विटाळ झाला नाही. तेच रताळे त्याच बाईने उकडून, सोलून, कुस्करून पुढे केले असते तर? तर ते उकिरड्यावर गेले असते. साल असेपर्यंत आमचा हात चालतो, साल निघाली की चालत नाही. कुस्करणे म्हणजे निव्वळ हाताचे काम. त्यात पाच बोटे पदार्थात बुडतात. म्हणून श्रम स्वीकारायचे आणि स्पर्श नाकारायचा, या जातिव्यवस्थेच्या मूळ कारस्थानाची पाककृती या भरतात नेमकी सापडते. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले ते या कारस्थानाविरुद्धच. पाणी आणि शिजलेले अन्न या दोन ठिकाणी ही व्यवस्था आपली सीमा आखते.

ही सीमा पुसली गेली अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी सप्टेंबर २०१७ ची पुण्याची घटना आठवावी. एका उच्चविद्याविभूषित बाईंनी पोलिसांत तक्रार दिली की, घरच्या धार्मिक कार्यात सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाईने आपली जात लपवली. पुढे तक्रार मागे घेतली गेली. पण तक्रार करावीशी वाटली, आणि ती पोलिसांनी नोंदवून घेतली, याचा अर्थ काय? त्या स्वयंपाकाची चव बिघडल्याचे कोणी म्हटले नव्हते.

आता गावकुसाबाहेरच्या चुलीकडे येऊ. आमच्याकडे रताळे डावीकडे कधी नव्हतेच. ते ताटाच्या मधोमध होते, आणि बहुधा ताटही नव्हते. अहिराणीत ळचा य होतो, जळगावचे जयगाव होते, तसे आमच्या माणसांच्या तोंडी ते 'रतायं'. शेतातली काढणी झाल्यावर मालकाच्या परवानगीने सरवा वेचायचा. कुदळीने तुटलेले, किडीने खाल्लेले, बोटाएवढे राहून गेलेले कंद त्यात मिळत. ते घरी आले की दोन वाटा होत्या. उकडायला पाणी आणि सरपण लागे, म्हणून बहुधा ते पऱ्हाट्यांच्या चुलीतल्या फुफाट्यात पुरले जात. भाकरी होईतो एक बाजू, रात्री चूल विझताना दुसरी बाजू. धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यात मजुरी करणारी माझी माय त्यातले मऊ झालेले कंद काढून, फुंकून, हातावरच कुस्करी. पहिला घास दात पडलेल्या आजीचा, दुसरा धाकट्याचा. वर मीठ, असलाच तर तेलाचा थेंब. मग विचारी, 'पोट भरनं का?' ते चांगले झाले का, हा प्रश्न आमच्या घरात विचारला जात नसे.

या फुफाट्याचे एक शास्त्र आहे. रताळ्यात पिष्ट असते आणि ते पिष्ट फोडून माल्टोज ही साखर करणारे विकरही असते. साधारण ६० ते ७५ अंश सेल्सियस या उष्णतेत ते विकर जोमाने काम करते. त्याहून पुष्कळ वर गेले की निकामी होते. उकळत्या पाण्यात रताळे हा टप्पा झटकन ओलांडते. राखेत मात्र ते हळूहळू तापते, त्या टप्प्यात बराच वेळ राहते, आणि म्हणून अधिक गोड लागते. ज्या घरात साखर नव्हती त्या घराने राखेतून साखर काढली. सातपुड्यातल्या आदिवासींनी कडू रानकंद पुन्हा पुन्हा उकडून आणि धुऊन खाण्याजोगे केले, तेही याच जातीचे ज्ञान आहे. पण त्याला पाकशास्त्र म्हणण्याचा मोठेपणा छापील पुस्तकांनी दाखवला नाही. १९१० चे लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' असो की १९७० चे कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा', त्यांतले स्वयंपाकघर आमचे नव्हते.

तरीही भुकेचे कौतुक मला करायचे नाही. रताळे पोट भरते. पण शंभर ग्रॅम रताळ्यात प्रथिने दीड-दोन ग्रॅमच असतात. आपल्याकडच्या पांढऱ्या गराच्या वाणांत, केशरी गराच्या वाणांसारखे, अ जीवनसत्त्वाचे द्रव्यही फारसे नसते. नुसत्या कंदावर वाढलेले मूल खुरटते. याच ठिकाणी दोन भरतांमधला खरा फरक उभा राहतो. तो आहे सायीचा.

साय कोणाची होती? जनावर ज्याचे त्याची, आणि जनावर त्याचे ज्याला वैरण होती. आमच्या वाट्याला ढोर यायचे ते मेल्यावर. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस सोडा म्हणून सांगितले, तेव्हा ते खाण्याचा विषय बोलत नव्हते, माणूसपणाचा बोलत होते. आणि ज्यांनी जिवंत जनावराच्या दुधातुपाकडे हात नेला त्यांचे काय झाले? 'जातिभेदाचे निर्मूलन' या १९३६ च्या प्रबंधात त्यांनी जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकीकत दिली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने जातभाईंना जेवण दिले आणि त्यात तूप वाढले. पंगत चालू असताना शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्न नासले, माणसांना झोडपले. तूप त्याने स्वतःच्या पैशाने आणले होते. गुन्हा चोरीचा नव्हता. तूप खाण्याची हिंमत केली हा होता. तेव्हा रताळ्यात साय घालावी की न घालावी हा आमच्यापुरता कधीच केवळ चवीचा प्रश्न नव्हता.

हा अनुभव एकट्या आपलाच नाही. ज्या अमेरिकेतून रताळे आले तिथेच ते दुसऱ्या एका गावकुसाबाहेरचे अन्न झाले. गुलामीत जन्मलेले बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आपल्या झोपडीच्या मातीच्या जमिनीतला फळ्यांनी झाकलेला खड्डा वर्णिला आहे. त्यात हिवाळ्यासाठी रताळी साठवत. काढता-ठेवताना एखादे हाती लागले की ते मूल ते भाजून खाई. त्यांनीच १८९६ मध्ये टस्कीगीच्या संस्थेत बोलावलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, तेही गुलाम आईचे पुत्र, यांनी रताळ्यापासून शंभराहून अधिक वस्तू तयार केल्या आणि गरीब काळ्या शेतकऱ्यांसाठी पत्रके काढली. आज लोणी आणि साय घालून घोटलेले रताळे हा अमेरिकेच्या नोव्हेंबरातल्या सणाच्या ताटातला मानाचा जोडपदार्थ आहे. तो लोणकट मऊपणा जिभेवर घेताना किती जणांना झोपडीतला तो खड्डा आठवत असेल? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांची मुक्ती करणाऱ्यांना अर्पण केली आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले. आपले नाते त्या लोकांशी आहे, आणि ते ताटातूनही आहे. फरक इतकाच की त्यांनी आपल्या अन्नाला नाव दिले, त्याची पुस्तके लिहिली.

आपल्याकडे ते काम उशिरा सुरू झाले. २०१५ साली शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले आणि मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीला प्रथमच पुस्तकाचा सन्मान मिळाला. खानदेशाच्या चुलीचे असे पुस्तक आपल्या हातून व्हायला हवे. १९५६ नंतर आमच्या घरांतून एकादशी गेली, रताळे राहिले. आज आमच्या पगारदार घरांत फ्रीजमध्ये साय साठते आणि मुले रताळ्याचे भरीत दही घालून आवडीने खातात. त्यात काही वावगे नाही. साय ही कोणाच्या बापाची मिरास नव्हे. वावगे होईल ते एवढेच की, भरीत डाव्या बाजूला गेले म्हणून आपण मधोमध काय होते हे विसरून जाऊ.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एक काम सांगत असतो आणि वाचकांनाही सांगतो. ज्यांच्या आया, आज्या अजून आहेत त्यांनी त्यांच्यापाशी बसून लिहून घ्यावे: सरवा कोणत्या महिन्यात मिळे, कोणाच्या शेतात मिळे, बदल्यात किती राबावे लागे, सरपण कोणते होते, कंद राखेत किती वेळ राही, पहिला घास कोणाला मिळे आणि शेवटी जेवणारीसाठी काय उरे. शब्द अहिराणी असतील तर ते अहिराणीतच ठेवावेत, शुद्ध करू नयेत. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला काय उरले, याचे उत्तर जोवर लिहिले जात नाही तोवर मराठी स्वयंपाकाचा इतिहास अपुराच राहील.