तिकिटं, दोऱ्या आणि एक उरलेली भिंत

१९१९ साली, जर्मनीतल्या हानोफर शहरात कुर्ट श्विटर्स नावाच्या तिशीतल्या चित्रकाराने एका बँकेची छापील जाहिरात कापली. तिच्यात 'कॉमेर्त्स', म्हणजे व्यापार, असा शब्द होता. त्यातलं 'मेर्त्स' एवढंच शेपूट त्याने आपल्या चित्रावर चिकटवलं. या तुटक्या अक्षरांना तसा काही अर्थ नव्हता. पण श्विटर्सने पुढे जे जे केलं, त्या सगळ्याला हेच नाव दिलं. चित्रं मेर्त्स, कविता मेर्त्स, १९२३पासून काढलेलं मासिकही मेर्त्स.

हे खूळ वाटेल, पण तेव्हाचा काळ आठवा. महायुद्ध हरून जर्मनीचं साम्राज्य नुकतंच कोसळलं होतं. श्विटर्स ड्रेस्डेनच्या कला अकादमीत रीतसर शिकलेला, निसर्गचित्रं आणि व्यक्तिचित्रं उत्तम काढणारा. त्याचं म्हणणं साधं होतं: सगळं मोडलंच आहे, तर नवं काही करायचं ते या तुकड्यांतूनच. मग तो रस्त्यावरून ट्रामची वापरलेली तिकिटं, तारा, दोऱ्या, फळ्यांचे तुकडे, फाटके कागद वेचू लागला. त्याच्या लेखी ट्रामचं तिकीट आणि तैलरंग यांची पत एकच होती. बर्लिनमधल्या दादा मंडळींना मात्र तो फारच मध्यमवर्गीय वाटला. त्यांनी त्याला आपल्या गटात घेतलं नाही.

हानोफरच्या राहत्या घरात त्याने भंगार, लाकूड आणि प्लास्टर यांची एक रचना उभारायला घेतली. ती वर्षानुवर्षं वाढत खोल्या व्यापत गेली. तिच्यातल्या कोनाड्यांत मित्रांच्या वस्तू ठेवलेल्या असत. हान्स रिख्टर या मित्राच्या केसांची बटसुद्धा तिथे होती. ही रचना म्हणजे 'मेर्त्सबाऊ'.

मग कचरा कशाला म्हणायचं, हे सरकार ठरवू लागलं. १९३७च्या जानेवारीत श्विटर्स नॉर्वेला निघून गेला. त्याची पत्नी हेल्मा हानोफरलाच राहिली. त्याच वर्षी नाझींनी म्युनिकमध्ये 'अधःपतित कले'चं प्रदर्शन भरवलं. लोकांनी हसावं, हा त्यामागचा हेतू. बँकेच्या जाहिरातीचा तुकडा असलेलं ते पहिलं चित्र ड्रेस्डेनच्या संग्रहालयाने विकत घेतलं होतं. तेही जप्त करून इथे टांगलं गेलं. त्यानंतर ते कुणाला सापडलेलं नाही.

१९४०मध्ये जर्मन फौजा नॉर्वेत घुसल्या आणि श्विटर्स ब्रिटनला पळाला. तिथे तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. आइल ऑफ मॅन बेटावरच्या हचिन्सन छावणीत त्याला डांबलं गेलं. सामान नव्हतं, तर त्याने न्याहारीतल्या उरलेल्या लापशीपासून शिल्पं केली. त्यांना बुरशी धरली, वास सुटला. त्यांतलं एकही उरलं नाही.

१९४१च्या अखेरीस सुटका झाली. आता त्याच्या कोलाजांत इंग्लंडमधली बसची तिकिटं आणि गोळ्या-चॉकलेटांची वेष्टनं येऊ लागली. अमेरिकेत गेलेल्या केटे स्टाइनिट्स या मैत्रिणीकडून कॉमिक्सचे कागद यायचे. १९४७मध्ये त्याने तेच कापून तिच्या नावाचं कोलाज केलं. माणूस कुठे होता, काय खात होता, कुणाची पत्रं येत होती, हे या चिकटवलेल्या कागदांवरून आजही कळतं. निर्वासिताजवळ दुसरं दप्तर असतं कुठे?

हानोफरचं मेर्त्सबाऊ १९४३च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झालं. पुढच्या वर्षी हेल्मा कर्करोगाने गेली. नॉर्वेत उभारलेली दुसरी रचना त्याच्या मृत्यूनंतर, १९५१मध्ये, जळाली. तिसरी त्याने १९४७मध्ये इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या एल्टरवॉटर गावाजवळ, एका दगडी कोठारात सुरू केली. त्यासाठी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडून मदत मिळाली होती. तब्येत ढासळली होती, तरी तो तिथे काम करत राहिला. पोट भरायला गावकऱ्यांची व्यक्तिचित्रं काढत होताच.

८ जानेवारी १९४८ला तो गेला. ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाल्याचं कळलं ते आदल्या दिवशी. कोठारातली एकच भिंत जवळपास पुरी झाली होती. प्लास्टरमध्ये बसवलेला रबरी चेंडू, झारीचं तोंड, तसबिरीच्या चौकटीचा तुकडा. १९६५मध्ये ती भिंत अख्खी उचलून न्यूकॅसलच्या हॅटन गॅलरीत नेली गेली. ती अजून तिथे आहे.