बदकाच्या पायातला वाळा

जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी पक्षी पाहणाऱ्यांच्या एका मंडळाबरोबर कामणच्या बाजूची खाजणे हिंडून आलो. मंडळी बहुतेक तिशीच्या आतली. इतिहासाचे निवृत्त मास्तर बरोबर असले तर चालताना काही ऐकायला मिळेल, अशा हिशेबाने मला नेले होते. कामण रोडला थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच, म्हणून बरेचजण चिंचोटीवरून आपापल्या वाहनाने आले.

पहिली गंमत भरतीची झाली. मुले मोबाइलमध्ये वेळ शोधत होती. मी म्हटले, आज द्वादशी ना? तिथीची पाऊणपट करा. बारा पाऊणे नऊ. नऊच्या सुमारास भरती, इथे खाडीत आत थोडी उशिरा. आमच्याकडच्या कोळी-आगऱ्यांचा हा जुना हिशेब. मोबाइलनेही जवळजवळ तेच सांगितले, आणि माझा भाव एकदम वधारला! भरतीची वेळ हवी असते ती एवढ्यासाठी, की ओहोटीला पाणपक्षी दूरवरच्या चिखलात पांगतात. भरतीने तो चिखल बुडाला की सगळे आत खाजणात आणि मिठागरांच्या बांधांवर येऊन उभे राहतात. त्या वेळी आपण गुपचूप बांधाआड बसायचे. आम्ही बसलो. शेकाटे, तुतवार, थापट्या, भुवई बदके... दोन तास कसे गेले कळले नाही.

"किती नैसर्गिक आहे ना सगळे," एक मुलगी म्हणाली. इथे मात्र मला तोंड उघडावे लागले. जूचंद्र-नायगावकडे पसरलेली ही जमीन नैसर्गिक कशी? खाऱ्या पाण्याला बांध घालून, उघाडीतून ते आतबाहेर करून माणसांनी ती भाताची आणि मिठाची केली. आगर पिकवणारे ते आगरी. नावातच इतिहास आहे. बांध फुटला, दुरुस्तीला माणूस उरला नाही, की खारे पाणी आत येते, मागोमाग तिवरे येतात. आपण त्याला निसर्ग परतला म्हणतो. ज्याचे भात गेले तो काय म्हणत असेल? (तिवरे तोडावीत असे मी म्हणत नाही, गैरसमज नको.)

मीठ आणि पक्षी यांचे नाते आणखीही एका माणसात सापडते. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. काँग्रेसच्या स्थापनेपुरता तो मी वर्षानुवर्षे शिकवला. पण १८६७ ते १८७० हा गृहस्थ अंतर्गत जकातीचा आयुक्त होता, म्हणजे चोरटे मीठ अडवण्यासाठी देशाच्या पोटातून वाढवलेल्या त्या अचाट काटेरी कुंपणाचा मुख्य. आणि त्याच फिरतीत तो पक्षी जमवत होता. पुढे त्याने पक्ष्यांची कातडी आणि अंडी मिळून सुमारे ८२ हजार नमुने ब्रिटिश म्युझियमला १८८५ साली देऊन टाकले. पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथाची त्याची हस्तलिखिते सिमल्याच्या घरी होती. तो नसताना नोकराने ती बाजारात रद्दी म्हणून विकली. त्यानंतर ह्यूमचे पक्ष्यांतून मनच उडाले.

तेव्हा पक्षी पाहणे म्हणजे मारून पाहणे. जिवंत सोडून त्याचा माग काढायची युक्ती डेन्मार्कमधल्या एका शाळामास्तराची. मॉर्टेन्सन त्याचे नाव. १८९९ साली त्याने साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पायांत क्रमांक घातलेले ॲल्युमिनियमचे वाळे घातले. (मास्तरांना कोणी कमी लेखू नये.) आपल्याकडे १९२६ च्या सुमारास पवारांच्या धार संस्थानात बदकांना वाळे घातले गेले. मोठे काम मात्र १९५९ पासून सुरू झाले. पक्ष्यांबरोबर रोगाचे विषाणू प्रवास करतात का, हे जागतिक आरोग्य संघटनेला हवे होते. सालिम अलींना पक्षी कुठून येतात ते हवे होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भरतपूरला आणि इतरत्र हजारो पक्षी धरून, वाळे घालून सोडले. इथली बदके सैबेरियात सापडली, तिकडच्या शिकाऱ्यांनी कळवले, म्हणून ती वाट कळली.

आता माझी गोष्ट. १९६५ चा जानेवारी, मी सातवीत. आमचे अण्णा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. परवाना पिकांच्या राखणीचा, डुकरांसाठी. पण हिवाळ्यात अण्णा खाजणात जात आणि त्या रात्री घरी बदकाचे कालवण होई. मी ते आवडीने खाल्ले आहे, खोटे कशाला सांगू. एकदा पिसे काढताना एका भुवई बदकाच्या पायात वाळा निघाला. चिमणीपुढे धरून मी अक्षर अक्षर लावून वाचले : इन्फॉर्म, बॉम्बे नॅट. हिस्ट. सोसायटी. खाली क्रमांक. अण्णा म्हणाले, "तू शिकलेला, टाक एक कार्ड."

कार्ड आणलेही. पण लिहायला बसलो आणि मनात आले, बदक कसे मिळाले म्हणून विचारतील. मग पोलीस येतील, अण्णांची बंदूक जाईल. अण्णांना मी टाकले असेच सांगितले. वाळा कंपासपेटीत राहिला. पुढे जुने घर पाडले त्यात पेटीही गेली.

रविवारी भरती पाऊण तास उशिरा. कालच्याच बांधाआड बसलो. एका पोराने दुर्बिणीतून तुतवाराच्या पायातल्या पट्टीवरची अक्षरे टिपली, फोटो काढला आणि तिथूनच पाठवून दिला. दोन मिनिटांचे काम. त्यावर मी साठ वर्षांपूर्वीची ही गोष्ट त्यांना सांगितली. घरातही कधी कोणाला सांगितली नव्हती.

"सर, नंबर आठवतो का?" त्याच मुलीने विचारले. नाही आठवत. वाळा किती हलका होता, तेवढे आठवते. ती म्हणाली, वाळा घातला त्या दिवशीची नोंद कुठल्यातरी वहीत असेल ना, आणि पुढचा रकाना कोरा.

पाणी उतरू लागले होते. पक्षी एकेक करून चिखलाकडे निघाले.