मागल्या बाकावरचे मूल : अमरेलीपासून बालसखीपर्यंत

सन 1893 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी संस्थानातील अमरेली भागात काही गावांपुरते प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि 1906 साली तीच सक्ती सबंध संस्थानाला लावली. नामदार गोखल्यांनी 1911 साली त्याच धर्तीचे विधेयक मध्यवर्ती कायदे कौन्सिलात मांडले. पुढल्या वर्षी ते नामंजूर झाले. 1917 साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी सक्ती आणली आणि 1918 साली विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना तसा अधिकार मिळाला. मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणण्याचा हा इतिहास अशा व्याख्यानमालांतून पुष्कळदा सांगून झाला आहे, आणि सांगणारे आमच्याहून विद्वान होते. आम्हांला बोलायचे आहे ते दाराच्या आतले. आत आलेले मूल मागे पडू लागते, गुपचूप मागल्या बाकावर सरकते, तेव्हा शाळा काय करते?

या प्रश्नाशी आमचे नाते पुस्तकी नाही. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत आमचे वडील होते. त्याच वर्षी आमची शाळा सुटली. लोक समजतात, संपामुळे सुटली. खरे सांगायचे तर त्याच्या आधी दोन वर्षे आम्ही वर्गात नुसते बसत होतो. अपूर्णांक आले तेव्हा आम्ही तापाने पडलो होतो. परत आलो तो वर्ग पुढे गेलेला. मास्तर वाईट नव्हते. समोर साठ मुले होती आणि पुस्तक संपवायचे होते. पुढे युनियनच्या कचेरीत एका जुन्या कार्यकर्त्याने महागाईभत्त्याचा हिशेब मांडता मांडता तेच अपूर्णांक आम्हांला आठवडाभरात समजावून दिले. तो आठवडा शाळेला का देता आला नाही, हे कोडे आमच्या मनात कायम राहिले.

हा ‘आठवडा’ शाळेच्या व्यवस्थेतच बसवावा, असा विचार ज्या देशांनी केला त्यांत फिनलंड पुढे आहे. तेथे 1972 ते 1977 या काळात सर्व मुलांसाठी एकच सामायिक शाळा उभी राहिली. गरीब-श्रीमंत, हुशार-मठ्ठ सारे एका वर्गात, म्हणजे मागे पडणारेही तेथेच. म्हणून वर्गशिक्षकाच्या जोडीला, काही तासांपुरते लहान गट घेणारा विशेष शिक्षक नेमण्याची चाल पडली. 2011 साली कायद्यानेच मदतीच्या तीन पायऱ्या केल्या : पहिली सर्वांना वर्गातच, दुसरी मागे पडू लागलेल्यांना वाढीव, तिसरी थोड्यांना खास. ऑगस्ट 2025 पासून त्यांनी या पायऱ्यांची मांडणीही बदलली. पण तो देश लहान आणि सधन. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आपल्याच दारात घडली.

1990 नंतरच्या दशकात मुंबईत ‘प्रथम’ ही संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी माधव चव्हाण हे लाल निशाण पक्षाचे कॉम्रेड यशवंत चव्हाण यांचे चिरंजीव, हे आमच्या क्षेत्रातील मंडळींना वेगळे सांगायला नको. या संस्थेने नगरपालिकांच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, बहुधा दहावी-बारावी झालेली मुलगी. तिला सुरुवातीला दोन आठवड्यांचे शिक्षण द्यायचे. तिसरी-चौथीतली जी पंधरा-वीस मुले वाचन-गणितात मागे असतील ती तिने रोज दोन तास बाजूला घ्यायची : रिकाम्या खोलीत, पटांगणात, नाही तर व्हरांड्यात. बाकीचे तास ती मुले आपल्या वर्गात. म्हणजे फिनलंडची दुसरी पायरीच, पण व्हरांड्यातली.

2001 ते 2003 या दोन वर्षांत मुंबई व वडोदरा येथे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदी अर्थशास्त्रज्ञांनी या कामाची परीक्षा घेतली. कोणत्या शाळेत तिसरीला बालसखी द्यायची आणि कोणत्या शाळेत चौथीला, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरविले, म्हणजे निवडीत लबाडी नको. प्रारंभीच्या चाचणीत पहिलीच्या इयत्तेचे गणित येणारी तिसरीची मुले मुंबईत शंभरांत चौतीस भरली, वडोदऱ्यात जेमतेम वीस. ज्या बडोद्याने सबंध हिंदुस्थानच्या आधी सक्ती केली, त्याच नगरीत शंभर वर्षांनी हे चित्र होते. श्रोतेहो, यात महाराजांचा दोष नाही. सक्तीने मूल बाकापर्यंत येते. तेथून पुढचे काम निराळे आहे आणि ते कोणी अंगावर घेतले नव्हते.

बालसखीच्या वर्गाचा फायदा दिसून आला. दुसऱ्या वर्षी तो पहिल्या वर्षाच्या दुप्पट झाला, आणि सर्वांत जास्त तो सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. गंमत अशी, की ती मुले बाहेर गेल्याने वर्ग लहान झाला, तरी आत राहिलेल्यांना त्याचा काहीच लाभ दिसला नाही. नुसती गर्दी कमी करून भागत नाही. मुलाला जेथे अडले आहे तेथून शिकवावे लागते. आणि बालसखी सुटल्यावर वर्षभराने पाहिले, तेव्हा त्या फायद्याचा एक तृतीयांशच काय तो उरला होता.

आता आमची कबुली. त्या काळात एका सभेत आम्ही अशा मदतनीस मुलींविरुद्ध बोललो होतो. शिक्षकाच्या पक्क्या जागेऐवजी महिना पाचशे ते साडेसातशे रुपयांवर मुलगी बसवायची, हा जागा खाण्याचा डाव आहे, असे आम्ही ठणकावून सांगितले, टाळ्याही पडल्या. आमचे वडील कित्येक वर्षे गिरणीत बदली होते. सकाळी दारावर उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर आत, नाही तर घरी. बालसखीत आम्हांला तो बदली दिसला. त्या पगाराबद्दल आमचे मत आजही तेच आहे. पण त्या दिवशी आम्ही मुलाचा उल्लेखही केला नाही. मागल्या बाकावरून उठलेला माणूस तो बाकच विसरला होता.

पुढला इतिहास आम्ही अधिक लक्ष देऊन वाचला. 2005 च्या सुमारास उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात गावच्या स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग घेतले. जी मुले आली ती वाचू लागली, परंतु आली शंभरांतली आठच. मदत शाळेच्या वेळेबाहेर ठेवली की ज्याला तिची गरज आहे तोच येत नाही. 2008 साली बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनीच उन्हाळी वर्गांत हीच पद्धत वापरली. मुले पुढे गेली. तेच शिक्षक शाळेच्या वर्षात परतले, हाती तेच साहित्य आणि तेच प्रशिक्षण होते, पण फरक शून्य! उन्हाळ्यात त्यांच्यावर एकच काम होते, शाळेत पुन्हा पुस्तक संपविण्याचे ओझे आले. उत्तराखंडात स्वयंसेवक शाळेत दिले, तेव्हा शाळेने त्यांना आपल्या नेहमीच्या कामाला जुंपले आणि लहान गट राहून गेला. गिरणीतल्या जादा हाताचे काय होते, हे ज्याने पाहिले त्याला यात नवल वाटणार नाही.

हरयाणात 2012-13 साली ही गाठ थोडी सुटली. तेथे रोजचा एक तास राखून ठेवला. त्या तासाला तिसरी ते पाचवीची मुले इयत्ता मोडून उठत आणि ज्याला अक्षर येते तो अक्षरांच्या गटात, ज्याला शब्द येतो तो शब्दांच्या गटात जाऊन बसे. शिकविणारे नेहमीचे पगारी शिक्षक, आणि तो तास खरोखर होतो की नाही हे पाहणारे सरकारी अधिकारी वर्गात येत. हिंदी वाचनात मुले पुढे सरकली. गणितात सरकली नाहीत, कारण तासाचा भर हिंदीवर होता. जेवढे काम लावले तेवढे झाले.

आपल्या 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात चोविसावे कलम आहे. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून जरूर तेथे जादा शिकवणी द्यावी, हे त्याने शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. आम्ही ते कलम पुन्हा पुन्हा वाचले, करारनामे वाचण्याची सवय आहे म्हणून. कर्तव्य लिहिले आहे, त्यासाठी दिवसातला कोणता तास राखायचा ते लिहिलेले नाही. जादा माणसाचे नाव नाही, त्याच्या पगाराचे तर नाहीच. कारखान्यात मालकाने अशी नोटीस लावली असती, तर त्याच संध्याकाळी आम्ही गेटवर सभा घेतली असती.